घराबाहेरची साखर

"घरी असलो की माझी शुगर अगदी ताब्यात असते. दोन दिवस बाहेर गेलो की सगळं बिघडतं. गोड तर मी तिथेही खात नाही, मग असं का होतं?"

मधुमेही माणसं चारजण जमली की हा प्रश्न निघतोच. त्याच्या मागोमाग दुसरा येतो, जरा दबक्या आवाजात: "मग आम्ही कुठे जायचंच नाही का?" काहीजण खरोखरच जाणं बंद करतात. रत्नागिरीला भाचीचं लग्न असलं तर रात्रभर प्रवास करून जातील, रात्रभर प्रवास करून परततील, पण हॉटेलातला मुक्काम नको म्हणतील. काहींचं उलट असतं. "सुट्टीत कसलं आलंय पथ्य!" म्हणून ते मीटर घरीच ठेवून निघतात.

दोन्ही टोकं टाळता येतात. त्यासाठी या प्रकरणात एकच मुक्काम धरून चालू या. पुण्याहून गणपतीपुळे, दोन रात्री. जाणारे काका-काकू, दोघंही साठीच्या पुढचे. काकांना बरीच वर्षं मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनचं पेन घेतात, सोबत गोळ्या. काकूंना फक्त मेटफॉर्मिन. काका-काकू कल्पनेतले आहेत, अडचणी मात्र रोजच्या.

१. घर हे अर्धं औषध असतं

रक्तातली साखर तीन गोष्टींवर हलते: पोटात काय गेलं, अंग किती हललं आणि औषध किती घेतलं. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. चौथी गोष्ट विसरते, ती म्हणजे वेळ.

एसटी स्टँड डोळ्यांपुढे आणा. जेवण झालं की साखरेचे प्रवासी रक्ताच्या स्टँडवर येऊन उभे राहतात. त्यांना शरीरातल्या पेशींच्या गावी पोचवणारी गाडी म्हणजे इन्शुलिन. मधुमेह नसलेल्या माणसाचं स्वादुपिंड हा शहाणा डेपो मॅनेजर असतो. गर्दी बघून तो गाड्या सोडतो. बाहेरून टोचलेलं इन्शुलिन मात्र वेळापत्रकाची गाडी आहे. सुई टोचली की गाडी सुटली. जेवण यायला उशीर झाला म्हणून ती थांबत नाही, स्टँडवर जे कुणी असतील त्यांना घेऊन जाते. मेंदूसाठी रक्तात कायम थोडी साखर लागते, तीसुद्धा मग उचलली जाते. याला आपण 'शुगर उतरली' म्हणतो. उलट, गाडी एकच आणि प्रवासी तिप्पट आले, तर उरलेले स्टँडवरच ताटकळतात. तेव्हा शुगर चढते.

घरी हे गणित कुणी मांडत नाही, कारण घरच ते सोडवत असतं. साडेसातला इंजेक्शन, आठला भाकरी-भाजी, एकला जेवण, संध्याकाळी सोसायटीत चार फेऱ्या, साडेआठला पुन्हा ताट. डॉक्टरांनी काकांचा डोस ठरवला तो याच घड्याळावर. हॉटेलात डोस तोच जातो, घड्याळ मात्र घरीच राहतं. बिघाडाचं मूळ इथे आहे, गोड खाण्यात नाही.

सगळीच औषधं वेळापत्रकाची गाडी नसतात. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतात, म्हणून त्या घेतल्यावर जेवण चुकलं तर शुगर उतरू शकते. एकट्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. यकृत स्वतः जी साखर बनवतं, तिला ती गोळी लगाम घालते. म्हणजे गणपतीपुळ्याला जेवण तासभर लांबलं तर काकूंना फक्त राग येईल, काकांना मात्र घाम फुटेल. तेव्हा निघण्यापूर्वीचं पहिलं काम हेच: आपली गाडी कोणत्या जातीची, ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.

२. भाड्याआधी वेळ विचारा

खोली घेताना आपण भाडं, एसी आणि समुद्र दिसतो का, एवढं विचारतो. काकांनी फोन असा केला:

"नमस्कार. शुक्रवार-शनिवार दोन रात्रींसाठी खोली हवी होती. सकाळचा नाश्ता कधी सुरू होतो तुमच्याकडे?"

"साडेआठला, काका."

"मला शुगर आहे. इंजेक्शन घेऊन आठपर्यंत खावं लागतं. तेव्हा काही मिळेल?"

"पोहे-बिहे तेवढ्यात नाही व्हायचे. आम्लेट नि चपाती देऊ. फक्त आदल्या रात्री किचनमध्ये सांगून ठेवा."

"आणि रात्रीचं जेवण?"

"आठपासून. ऑर्डर सातलाच देऊन ठेवलीत तर ताटकळावं लागणार नाही."

दोन मिनिटांच्या या बोलण्याने मुक्कामातला निम्मा धोका गेला. काकांच्या यादीत आणखी चार प्रश्न होते. खोली तळमजल्यावर आहे का, नसेल तर लिफ्ट आहे का? फ्रीज आहे का, आणि किल्लीचं कार्ड काढून बाहेर गेलं की तो बंद पडतो का? खोली कितीला ताब्यात मिळते? जवळचं मेडिकल आणि दवाखाना किती अंतरावर, आणि मेडिकल रात्री कितीपर्यंत उघडं असतं?

खोलीच्या वेळेचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो जेवणाशी बांधलेला आहे. पुण्याहून पहाटे निघून, कराडवरून पुढे आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला पोचायला सात-आठ तास जातात. वाटेत साखरपा नावाचं गाव लागतं, तिथे काकू काकांना चिडवणारच. पोचायला दीड-दोन वाजले, आणि "खोली अजून साफ होतेय, जरा बसा" असं ऐकावं लागलं, तर जेवण तीनवर जातं. म्हणून दुपारचं जेवण हॉटेलावर सोडायचं नाही. ते वाटेत, नेहमीच्या वेळी उरकायचं.

फोनवर 'मला शुगर आहे' म्हणायला पुष्कळांना संकोच वाटतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यातला अंदाज असा की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हॉटेलवाल्याने हे वाक्य तुमच्याआधी अनेकदा ऐकलेलं असतं. बऱ्याचदा ते त्याच्या घरातही बोललं जात असतं.

हॉटेलात पोचल्यावर पाळायचा नियम एकच: आधी ऑर्डर, मग इंजेक्शन. घरी ओट्यावर कुकरची शिट्टी ऐकून आपण सुई टोचतो, कारण ताट येणार याची खात्री असते. हॉटेलात 'दहा मिनिटांत' म्हणजे किती, ते फक्त आचाऱ्याला माहीत. काही इन्शुलिनं जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असतात, काही ताट समोर आल्यावर घेतलेली चालतात. आपलं कोणतं, हे डॉक्टरांकडून समजून घेतलं की ऑर्डर आणि सुई यांची सांगड घालता येते.

३. इन्शुलिनला गारवा हवा, बर्फ नको

इन्शुलिन हे प्रथिन आहे. अंड्याचा पांढरा भागही प्रथिनच. तो तापला की घट्ट होतो आणि पुन्हा कधीच पहिल्यासारखा होत नाही. इन्शुलिन डोळ्यांदेखत असं घट्ट होत नाही, पण उष्णतेने त्याचीही घडी विस्कटते आणि ताकद जाते. गोठल्यावरही तेच होतं.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात किंवा दारात. वापरात असलेलं पेन किंवा शिशी ३० अंशांच्या आत असेल तर बहुतेक प्रकार सुमारे ४ आठवडे बाहेर चालतात. नेमके दिवस प्रत्येक खोक्यातल्या कागदावर छापलेले असतात.

आता काकांचा हिशोब करू. त्यांना दिवसाला ३० युनिट लागतात, दोन वेळा मिळून. दर वेळी सुई तपासायला २ युनिट उडवायचे, म्हणजे आणखी ४. रोजचे झाले ३४. एका पेनात ३ मिलिलिटर, म्हणजे ३०० युनिट असतात. ३०० भागिले ३४, आठ दिवसांहून अधिक. दोन रात्रींच्या मुक्कामाला वापरातलं एक पेन पुरून उरतं. ते फ्रीजमध्ये ठेवायची गरजच नाही, एसी खोलीतल्या टेबलाचा खण पुरतो. फ्रीज लागतो तो लांबच्या मुक्कामाला किंवा जादा पेनसाठी.

आणि हाच फ्रीज कधी घात करतो. मी स्वतः एकदा हा धडा घेतलाय. खोलीत गुडघ्याएवढा छोटा फ्रीज होता. शिस्तीत जायचं म्हणून मी वापरातलं पेन आत ठेवलं, अगदी मागच्या पत्र्याला टेकवून. सकाळी काढायला गेलो तर पेन पत्र्याला चिकटलेलं. ओढलं तेव्हा कर्र आवाज झाला आणि पेनाच्या अंगावर बर्फाची साल निघून आली. तळहातात धरून बसलो, दहा मिनिटांत बर्फ वितळला. उजेडात धरून बघितलं तर आतलं इन्शुलिन पाण्यासारखं स्वच्छ. चांगलंच आहे की, म्हणत टोचून घेतलं. दुपारी मीटरने २८६ दाखवलं. मी न्याहारीला दोष दिला. रात्री पुन्हा तसंच झालं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. गोठून वितळलेलं इन्शुलिन दिसायला ठणठणीत असू शकतं, पण त्याच्यावर भरवसा नाही. ते टाकूनच द्यायचं. बायकोच्या बॅगेत दुसरं पेन होतं म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून खोलीतल्या फ्रीजला मी पेन देतो ते रुमालात गुंडाळून, डब्यात घालून आणि दाराच्या कप्प्यात. बर्फाच्या खणाजवळ किंवा मागच्या पत्र्याला कधीच नाही. फ्रीज किल्लीच्या कार्डावर चालत असेल तर रिसेप्शनवर दुसरं कार्ड मागतो. तेही नसेल तर हॉटेलच्या किचनमधल्या फ्रीजमध्ये नाव लिहिलेला डबा ठेवायला सांगतो, मात्र "डीप फ्रीजरमध्ये नको" हे दोनदा बजावून.

प्रवासात सगळ्यांत वाईट जागा म्हणजे उन्हात उभी केलेली मोटार. काचा बंद असताना आतली हवा ५० अंशांच्या पुढे सहज जाते. जेवायला उतरताना पेनाची पिशवी माणसाबरोबर उतरली पाहिजे. विमानाने जात असाल तर इन्शुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात देऊ नका. सामान चुकीच्या शहरात जाऊ शकतं आणि त्याच्या कप्प्यातल्या थंडीचा नेम नसतो.

बाजारात पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात. त्यांचं तत्त्व माठाचं आहे: पाण्याची वाफ होताना ती आतली उष्णता घेऊन जाते. पण माठ नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जसा गार होतो, तसा कोकणच्या दमट हवेत होत नाही. हवेतच भरपूर पाणी असल्यावर माठाची वाफ जाणार कुठे? म्हणून विदर्भ-मराठवाड्यात ही पिशवी उत्तम, गणपतीपुळ्याला तिची मदत बेताचीच. तिथे थर्मासमध्ये बर्फाची थैली घाला, थैली आणि पेन यांच्यात जाड फडकं ठेवा.

४. चाळीस आणि शंभरचा घोळ

पेनऐवजी शिशी आणि सिरिंज वापरणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

आपल्याकडे शिशीतलं इन्शुलिन बहुधा ४० ताकदीचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनातलं सहसा १०० ताकदीचं. परदेशात शिशीसुद्धा बहुतेक ठिकाणी १०० चीच. ताकद जशी, तशी सिरिंज वेगळी. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. घरी नेहमीचा मेडिकलवाला न सांगता योग्य ती देतो. परगावी मात्र आपण 'इन्शुलिनची सुई द्या' एवढंच म्हणतो आणि घोळ होतो.

हिशोब बघा. घ्यायचे आहेत १० युनिट. शिशी १०० ची, पण सिरिंज ४० ची. दहाच्या खुणेपर्यंत भरलं की आत गेलं पाव मिलिलिटर, म्हणजे २५ युनिट. अडीचपट डोस! आता उलट: शिशी ४० ची, सिरिंज १०० ची. दहाच्या खुणेला भरतो एक दशांश मिलिलिटर, म्हणजे फक्त ४ युनिट. पहिल्या चुकीने माणूस रात्री बेशुद्ध पडू शकतो, दुसरीने चार दिवस साखर चढलेली राहते. त्यामुळे सिरिंज घरूनच पुरेशा न्या, आणि विकत घ्यायची वेळ आलीच तर शिशीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून जुळवा.

परदेशी जाणाऱ्यांना आणखी एक कोडं पडतं. तिथलं मीटर कधी ५.५ किंवा ८ असले आकडे दाखवतं. ते मोजमाप वेगळं आहे. १८ ने गुणलं की आपला ओळखीचा आकडा येतो. ८ गुणिले १८, म्हणजे १४४.

५. बुफेपुढे फुलक्यांचा हिशोब

हॉटेलच्या नाश्त्यात पंधरा पदार्थ असतात आणि पैसे आधीच दिलेले असतात. वसुलीची इच्छा कुणाला होत नाही? इथे "हे खा, ते नको" अशी यादी पाठ करण्यापेक्षा मोजायचं एक माप हाताशी असलेलं बरं. ते माप आपल्या घरातच आहे: फुलका.

एका लहान फुलक्यात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदकं असतात. पोटात गेल्यावर ज्यांची साखर होते तो अन्नातला भाग म्हणजे कर्बोदकं. आता बुफेतले पदार्थ अंदाजाने फुलक्यांत मोजा. एक प्लेट पोहे, पावणेतीन फुलके. दोन मध्यम इडल्या, दीड. पेलाभर संत्र्याचा रस, वरून साखर नसली तरी सव्वा ते दीड. दोन चमचे साखरेचा चहा, अर्ध्याहून थोडा अधिक. एवढं घेतलं की ताटात एकही गोड पदार्थ नसताना सहा फुलके झाले! घरी काका सकाळी तीन खातात. एसटी तेवढीच आणि प्रवासी दुप्पट.

दुसरं ताट बघा. दोन अंड्यांचं आम्लेट, जवळजवळ शून्य. अर्धी प्लेट पोहे, दीडच्या आत. एक इडली आणि वाटीभर सांबार, दोन्हींचं मिळून सव्वा. पपईच्या चार-पाच फोडी, पाऊण. फिका चहा. एकूण साडेतीनच्या आसपास. पोट भरलं, पोहेही चुकले नाहीत. अंडं न खाणाऱ्यांनी पनीर, उसळ किंवा साधं दही घ्यावं. उपासाच्या दिवशी मात्र साबुदाण्याची खिचडी हलकी समजू नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

चहाबद्दल थोडं. हॉटेलातल्या थर्मासमधला चहा साखर घालूनच आलेला असतो. 'कमी साखर' म्हणून काही होत नाही, 'बिनसाखरेचा, वेगळा करून द्या' असं सांगावं लागतं.

दुपारी कोकणात माशांचं ताट समोर येतं आणि ते मधुमेह्याच्या सोयीचंच आहे. मासा प्रथिनं देतो, त्यात कर्बोदकं नसतात. अडचण सोबतच्या भाताची. एक वाटी भात म्हणजे सुमारे दोन फुलके, आणि सोलकढी-आमटीबरोबर भात कधी तीन वाट्या होतो ते कळत नाही. सुरुवात कोशिंबीर, भाजी आणि माशाने करावी, मग भाकरी, शेवटी थोडा भात. आधी भाजी-प्रथिनं खाल्ली तर साखर सावकाश चढते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं किनाऱ्यावर फिरलं तर आणखी उत्तम, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर स्वतः ओढून घेतात.

मोदक? देवाच्या गावी गेल्यावर एक मोदक खावा. फक्त तो भाताच्या जागी धरावा, भातावर नाही.

६. उशाशी काय ठेवायचं?

आता मुक्कामातला खरा धोका. शुगर थोडी चढली तर दोन दिवसांत माणसाचं सहसा फार बिघडत नाही. उतरली तर मिनिटांचा प्रश्न असतो.

मीटरवर ७० च्या खाली आकडा म्हणजे शुगर उतरली. हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, भूक लागते, कधी नुसती चिडचिड होते. ५४ च्या खाली मेंदूच गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसाला अनोळखी खोलीत दिव्याचं बटणही सापडत नाही. म्हणून सामान आधीच हाताशी हवं.

उपाय 'पंधरा-पंधरा'चा. १५ ग्रॅम लवकर विरघळणारी साखर घ्यायची: पाण्यात तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा तीन-चार चमचे साखर. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. आकडा वर आला आणि जेवणाला वेळ असेल तर बिस्किटं किंवा अर्धी चपाती. चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातली चरबी साखरेला वाटेत अडवून ठेवते.

एक बारीक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपल्याकडे अनेकांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असतं. ही औषधं आतड्यात साखरेचे तुकडे होऊ देत नाहीत. अशा माणसाची शुगर उतरली आणि त्याला घरातली साखर दिली, तर ती लवकर रक्तात पोचत नाही. त्याला ग्लुकोजच द्यावं लागतं, कारण त्याचे आणखी तुकडे व्हायचे नसतात. गोळीच्या पाकिटावरची सगळी नावं वाचा. यांतलं एखादं असेल तर ग्लुकोजचा डबा सामानात सगळ्यांत आधी जायला हवा.

हॉटेलात रात्री शुगर उतरायला कारणंही असतात. दिवसभर वाळूत चालणं म्हणजे डांबरी रस्त्यापेक्षा जास्त मेहनत, आणि तिचा परिणाम रात्रीपर्यंत रेंगाळतो. त्यावर दारू घेतली तर यकृत ती निपटण्यात गुंततं आणि साखर बनवायचं विसरतं. म्हणून खूप चालणं झालेल्या दिवशी झोपण्यापूर्वी एकदा तपासावं. उशाशी ग्लुकोज, पाण्याचा पेला, मीटर आणि मोबाइल ठेवावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा. हे काकांना पाठ असून उपयोग नाही, काकूंना पाठ हवं.

तपासण्यापूर्वी हात धुवा. आंबा खाल्लेल्या बोटाचा थेंब घेतला तर मीटर आंब्याची साखर मोजतं!

७. पाय, गरम पाणी आणि एक बाटली

साखर बरीच वर्षं चढी राहिली की पायांच्या नसा बोथट होतात. काटा टोचला तरी कळत नाही, चटका बसला तरी समजत नाही. अशा पायांना नवी जागा धोक्याची. गणपतीपुळ्याला देवळामागच्या डोंगराला साधारण किलोमीटरभराची प्रदक्षिणा असते. भर दुपारी अनवाणी निघाल्यावर तापलेली फरशी पायाला भाजते आणि पायाच्या धन्याला ते रात्री मोजा काढल्यावर दिसतं. प्रदक्षिणा सकाळी लवकर करावी, देवस्थान चालू देत असेल तर पायांत जाड मोजे घालावेत. वाळूत शिंपल्यांची धार असते, तिथे मागे पट्टा असलेल्या सँडल बऱ्या. नव्या चपला या सहलीत पहिल्यांदा घालू नयेत. रात्री झोपताना तळवे बघावेत, वाकता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढून.

हॉटेलच्या गीझरचं पाणी किती तापतं, हे पहिल्या दिवशी कळत नाही. पायाने अंदाज घेऊ नका, कोपर बुडवून बघा. आणि इंजेक्शन घेतल्या घेतल्या कढत पाण्याने अंघोळ करू नका. उष्णतेने कातडीखालचं रक्त जोरात वाहतं आणि इन्शुलिन ठरल्यापेक्षा लवकर रक्तात उतरतं. एसटी वेळेआधी सुटली, म्हणा ना.

राहिली बाटली. वापरलेल्या सुया आपण खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो. सकाळी तो डबा हाताने दाबून पिशवीत रिकामा करणारी बाई कधी आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. तिच्या बोटात सुई गेली तर पुढचे महिने तिला तपासण्या आणि धास्तीत काढावे लागतात. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीही वापरलेल्या सुया धोकादायक घरगुती कचऱ्यात धरल्या होत्या. जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची एक रिकामी बाटली बॅगेत ठेवा. सगळ्या सुया तिच्यात, आणि बाटली परत घरी. नेहमीच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये ती घेतात का, विचारून ठेवा.

८. काकांचा शनिवार

आता सगळं एका दिवसात बसवून बघू. सकाळी सव्वासात, मीटर. साडेसातला फोन करून आम्लेट-चपाती निघाली का, ते विचारणं, मग इंजेक्शन, आठला न्याहारी. नऊला देऊळ आणि प्रदक्षिणा, खिशात ग्लुकोज. एक वाजता माशांचं ताट, भात एक वाटी. दुपारी झोप. पाच वाजता फिका चहा आणि मूठभर शेंगदाणे, मग किनारा. सातला जेवणाची ऑर्डर, आठच्या सुमारास इंजेक्शन आणि जेवण. साडेदहाला पुन्हा मीटर, तळव्यांवर नजर, उशाशी सामान.

बॅगा दोन. औषधं आणि पट्ट्या लागतील त्याच्या दुप्पट, निम्म्या काकांच्या बॅगेत, निम्म्या काकूंच्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये. उलट्या-जुलाब झाले तर इन्शुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन.

या दिवसात देऊळ आहे, समुद्र आहे, मासे आहेत, दुपारची झोपही आहे. गाळलेलं काहीच नाही. फक्त घरी जे घड्याळ काकूंच्या ओट्यावर चालतं, ते काकांनी दोन दिवसांसाठी पिशवीत घालून आणलं. सोमवारी सकाळी पुण्यात काकांनी बोट टोचलं. आकडा नेहमीचाच आला. स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "किती?" काकांनी तो सांगितला आणि सुईच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.